कुजवलेलं घर

शनिवार पेठेतल्या एका वाड्याची पाहणी करताना आमच्यासोबतच्या म्हाताऱ्या सुतारानं तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी पटाशी लावली. नुसता हात दाबला, तर पटाशी मुठीपर्यंत आत गेली. मग तो चार हात अलीकडे सरकला आणि त्याच तुळईवर पटाशीचा दांडा आपटला. खणखणीत आवाज आला. सागवान तिथे अजून धडधाकट होतं. तो वर बघून म्हणाला, "वरची पन्हळ फुटलीय ती कधीपासून फुटलीय, कुणी बदलली नाही. हे कुजलं नाही ताई, कुजवलंय."

मी पस्तीस वर्षं जुन्या इमारतींची तपासणी करते. माझ्या अहवालांत हजारदा तरी एक शब्द आला असेल. इंग्रजी अहवालात 'डिलॅपिडेटेड' आणि मराठी नोटिशीत, जाहिरातीत, बातमीत 'मोडकळीस आलेली'. वाडा मोडकळीस आला. चाळ मोडकळीस आली. केस पांढरे व्हावेत, पान पिकावं, तसं ते आपोआप आलं. त्या दिवशी सुतारानं एका अक्षराची भर घालून मला जे सांगितलं, ते माझ्या सगळ्या अहवालांत कुठेच नव्हतं. कुजणं आपसूक होतं. कुजवायला कुणीतरी लागतं. शेतकऱ्याला हे चांगलं ठाऊक आहे, तो शेणखत कुजवतो. त्यासाठी ओल राहू द्यावी लागते, वेळ द्यावा लागतो आणि मध्ये हात घालायचा नसतो. पेठांमधले कित्येक वाडे नेमके याच रीतीनं गेले.

इंग्रजी शब्दाचं मूळ पाहिलं तर त्यात हा कुजवणारा माणूस पूर्वी होता. लॅटिनमध्ये 'लॅपिस' म्हणजे दगड, आणि त्यावरून आलेल्या क्रियापदाचा अर्थ उधळणं, दगडासारखं भिरकावून देणं. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये आजही त्या शब्दाचा अर्थ पैसा, वारसा उधळून टाकणं असाच आहे. इंग्लंडमध्ये चर्चच्या पाद्र्यानं त्याला राहायला दिलेलं घर आणि चर्चची मालमत्ता दुरुस्त न करता खराब होऊ दिली, तर त्या नुकसानीला हा शब्द होता, आणि ते नुकसान त्याच्याकडून किंवा त्याच्या वारसांकडून भरून घेता येत असे. तिथल्या भाडेव्यवहारात आजही भाडेकरूनं जागा सोडताना दुरुस्तीपोटी जे देणं लागतं, त्याला याच शब्दाचं अनेकवचन वापरतात. म्हणजे तो शब्द इमारतीच्या अवस्थेआधी कुणाच्या तरी देण्याबद्दल बोलत होता. आपल्याकडे तो आला तेव्हा देणं तिकडेच राहिलं आणि नुसती अवस्था आली.

मराठीला असा शब्द नाही असं मात्र मी म्हणणार नाही. आपण जमिनीला 'पडीक' म्हणतो, तेव्हा ती कुणीतरी कसली नाही हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. देऊळ जीर्ण झालं म्हटलं की पाठोपाठ 'जीर्णोद्धार' येतोच, गाव वर्गणी काढतं. राहतं घर जीर्ण झालं की मात्र उद्धार येत नाही, पुनर्विकास येतो. त्यासाठी आधी ते पुरेसं मोडावं लागतं.

घर कसं मोडतं हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पाऊस आला आणि वाडा पडला एवढंच लोकांना दिसतं. पुण्याचा जुना वाडा म्हणजे सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा. खांब दगडी तळखड्यावर उभा, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, त्यावर कडीपाट, त्यावर माती. भिंतीचं जोतं दगडाचं, वर वीट, आणि पुष्कळदा दर्शनी बाजू चुन्यात पण पोटात माती. हे बांधकाम कोरडं राहिलं तर दोनशे वर्षं उभं राहतं. त्याची एकच अट आहे, डोक्यावर पाणी मुरता कामा नये.

म्हणून शाकारणी होती. मृग लागायच्या आधी, वैशाखाच्या उन्हात माणसं कौलांवर चढायची. फुटकी कौलं काढायची, सरकलेली बसवायची, पन्हळीतला पालापाचोळा, कावळ्यांच्या काड्या, पिंपळाची रोपं उपटून टाकायची, किडका रीप बदलायचा. दोन-तीन दिवसांचं काम. आज तिशीतल्या इंजिनिअर मुलांना मी 'शाकारणी' म्हटलं की ती माझ्याकडे बघत राहतात. त्यांना 'स्ट्रक्चरल ऑडिट' माहीत आहे. औषध माहीत आहे, आंघोळ माहीत नाही, असं काहीसं झालं आहे.

एक वर्ष शाकारणी चुकली तर काही होत नाही. दुसऱ्या वर्षी एक कौल सरकतं, पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरतं. तिथे तुळईचं टोक विटांत बंद असतं, त्याला वारा लागत नाही. ते भिजतं आणि वाळत नाही. ओलीवर बुरशी येते, मऊ झालेल्या लाकडात वाळवी शिरते. खालून पाहणाऱ्याला तुळई जशीच्या तशी दिसते, कारण कुजतं ते भिंतीच्या आतलं वीतभर. दरम्यान भिंतीच्या पोटातली माती पाणी पिते, फुगते, भिंतीला पोट येतं. मग कुणीतरी 'मजबुती' म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा मारतं. हे मी पाहते तेव्हा मला फार वाईट वाटतं. चुन्यातून ओल बाहेर पडू शकते, सिमेंट तिला आत कोंडतं. वरून भिंत गुळगुळीत होते आणि आतून लगदा. ठोकून पाहिलं तर बद्द वाजते. पक्ष्यांनी टाकलेल्या बीचा पिंपळ तोवर सांध्यात मुळं घालून बसलेला असतो. सगळ्यात शेवटी जो पाऊस येतो तो नेहमीचाच असतो, पण बातमीत नाव त्याचं लागतं.

पाऊस निर्दोष आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी नारायण पेठेतल्या दोन चौकी वाड्यात वाढले. अकरा बिऱ्हाडं होती. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे मातीच्या भिंती विरघळून बसले. मी तेव्हा जन्मले नव्हते, पण आई सांगायची, आमच्या वाड्याची मागची भिंत गेली, चौकात कमरेएवढा गाळ होता. मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी गाळ उपसून घेतला, वर्ष संपायच्या आत मागची भिंत चुन्यात उभी केली. पुढे माझ्या आठवणीतही दर मे महिन्यात ते चौकात उभे राहून वर चढलेल्या माणसांना नवी कौलं मोजून देत. पानशेतनंतर पन्नास वर्षं तो वाडा उभा होता. 2011 च्या जुलैमध्ये, कुठलंही धरण फुटलेलं नसताना, साध्या पावसात त्याची मागची बाजू खाली आली. सुदैवानं त्या बाजूला कुणी राहत नव्हतं. छापून आलं ते असं, की संततधार पावसामुळे मोडकळीस आलेला वाडा कोसळला.

खरं असं होतं. अण्णा 1987 मध्ये वारले. मुलं तिघं, दोघं परगावी. त्यानंतर एकदाही शाकारणी झाली नाही. आणि त्या चोवीस वर्षांचा दोष एकट्या मालकांवर टाकून मोकळं होणं मला जमणार नाही, कारण त्यात आमचाही हात होता.

वडिलांनी 1989 मध्ये कोथरूडला फ्लॅट घेतला. वाड्यातल्या आमच्या दोन खोल्या माडीवर होत्या. त्या आम्ही सोडल्या नाहीत. भाडेकरूनं सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा वापरली नाही तर मालक ती परत मागू शकतो, हे सगळ्या पेठेला पाठ होतं. म्हणून आई दर महिन्याला जायची, उंबऱ्याशी झाडायची, देवाच्या कोनाड्यात दिवा लावायची, एक बल्ब चालू ठेवायची आणि कुलूप घालून परतायची. हक्क जिवंत ठेवायचा होता. आमच्या माडीच्या कोपऱ्यात गळत होतं. ते पाणी कडीपाटावरच्या मातीत मुरून खालच्या काकूंच्या स्वयंपाकघरात ठिबकायचं. काकू पातेलं लावायच्या. एकदा त्या दोन बस बदलून कोथरूडला आल्या, किल्ली मागायला, म्हणजे निदान वर ताडपत्री तरी टाकता येईल. वडील म्हणाले, पुढच्या आठवड्यात मीच येतो. ते गेले गणपतीनंतर. मी तेव्हा इंजिनिअर झालेले होते. त्या कोपऱ्याखाली काय चाललं आहे हे मला कळत होतं, आणि मी बोलले नाही. आज त्या जागी पार्किंगवर चार मजले आहेत आणि त्यात आम्हाला एक सदनिका मिळाली आहे. त्या वाड्याच्या कुजण्यातून मला काहीतरी मिळालं, हे लपवून मी दुसऱ्यांना जबाबदारी शिकवू शकत नाही.

मालकांची बाजूही खोटी नव्हती. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यानं जुन्या जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकली. युद्धकाळात आणि फाळणीनंतर माणसांच्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून ते गरजेचं होतं. पण ती गाठ पुढे पन्नास वर्षं कुणी सोडलीच नाही. अखेर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला म्हणावं लागलं की हे गोठवलेलं भाडं आता वाजवी उरलेलं नाही. मग 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला, 31 मार्च 2000 पासून तो लागू आहे आणि त्यात वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा आहे. चाळीस रुपये भाड्यावर 4 टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. एका मंगलोरी कौलाची किंमतही त्यात येत नाही.

याच कायद्यात दुरुस्तीचं कलम आहे. जागा चांगल्या स्थितीत ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. त्यानं ते केलं नाही, तर भाडेकरूनं पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, तरीही झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. वाचायला किती न्याय्य वाटतं. पण पुढे मर्यादा आहे. एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. भाडं महिना चाळीस रुपये धरा. वर्षाचे 480, त्याचा चौथा हिस्सा 120 रुपये. अकराही बिऱ्हाडं एकत्र आली तरी 1,320 रुपये. ज्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडत नाही, त्याच भाड्याच्या पावपटीत भाडेकरूनं ती करावी, असं हे कलम सांगतं. मुंबई बेटावरच्या जुन्या इमारतींसाठी 1969 च्या कायद्यानं निदान दुरुस्तीचा उपकर आणि दुरुस्ती मंडळ आणलं. ते पुरेसं ठरलं असं म्हणवत नाही. 31 ऑगस्ट 2017 ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत पडून 33 माणसं गेली, 16 जुलै 2019 ला डोंगरीत दहाहून अधिक. पण पुण्याच्या पेठांना, नाशिकच्या जुन्या भागाला, साताऱ्याला, वाईला तो उपकर आणि ते मंडळही नाही. तिथे दुरुस्ती हा शब्द फक्त कायद्याच्या पुस्तकात आहे.

दुरुस्तीचे सगळे रस्ते असे बंद झाले की उरतो एकच उघडा रस्ता. महापालिकेच्या यादीत धोकादायक इमारतींचे वर्ग असतात. सी-वन म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-टू-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-टू-बी म्हणजे माणसं आत ठेवूनच दुरुस्ती. सी-थ्री म्हणजे किरकोळ. कागदावर हे वर्ग इमारतीच्या तब्येतीचे आहेत, व्यवहारात ते कुणाला काय हवं आहे याचे होतात. मालकाच्या इंजिनिअरचा अहवाल सी-वन म्हणतो, भाडेकरूंच्या इंजिनिअरचा सी-टू-बी. एकाच भिंतीबद्दल. असे परस्परविरोधी अहवाल आले तर तांत्रिक समितीकडे पाठवा, पाडण्याआधी भाडेकरूंची क्षेत्रं मोजून नोंदवा, असं मुंबई उच्च न्यायालयाला 2014 मध्ये सांगावं लागलं. त्याच वर्षी सांगलीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की इमारत पाडली गेली म्हणून भाडेकराराचा हक्क संपत नाही. दोन्ही निर्णय माझ्या दृष्टीनं मोलाचे आहेत. पण दोन्ही निर्णय पाडण्याच्या वेळेपासून सुरू होतात. त्याआधीच्या वीस-पंचवीस वर्षांत काय झालं, हे कुठल्याच कागदावर येत नाही.

काही वर्षांपूर्वी एक मालक माझ्याकडे आले. वाडा तीन खणांचा, छपराचा एक पाखा आणि एक भिंत खराब. मी सांगितलं, दोन तुळया बदला, भिंतीचा वरचा भाग उतरवून चुन्यात पुन्हा बांधा, छप्पर नीट करा. माणसं राहू शकतात. त्यांना सी-वन हवं होतं. मी नाही म्हटलं. ते शांत गृहस्थ होते, आवाज चढवला नाही. उठताना म्हणाले, "हरकत नाही मॅडम, दोन पावसाळे थांबू." तिसऱ्या वर्षी मी त्या गल्लीतून गेले तेव्हा तो वाडा खरोखरच सी-वन होता. आता कुठलाही प्रामाणिक इंजिनिअर वेगळं लिहू शकला नसता. अहवाल खरा, नोटीस खरी, धोका खरा. आत तीन म्हातारी माणसं होती, त्यांना बाहेर काढणंही बरोबरच होतं. सगळं बरोबर होतं, फक्त ते दोन पावसाळे कुठेच लिहिलेले नव्हते.

ते लिहिले जावेत, एवढंच माझं मागणं आहे. धोकादायक इमारतीच्या प्रत्येक अहवालात इमारतीचं वय, मजले, बांधकामाचा प्रकार विचारतात. त्याच्याच खाली विचारा: शेवटची दुरुस्ती कोणत्या वर्षी झाली, कोणी केली, दुरुस्तीची मागणी कोणी आणि कधी केली, किल्ली कोणी दिली नाही, कुठल्या खोल्या किती वर्षं कुलूपबंद आहेत. मालक, भाडेकरू, भांडणारे वारस, जो असेल तो नोंदला जाऊ दे. पुनर्विकासात कुणाला किती मिळावं हे ठरवताना ही नोंद समोर असू दे. आणि एक चतुर्थांशाची ती मर्यादा काढून तिथे दुरुस्तीच्या खऱ्या खर्चाशी जुळणारं काहीतरी आणा, सरकारी कर्ज आणा, मालमत्ता करात सवलत आणा, पण वर्षाला 120 रुपयांत घर वाचवा असं कुणाला सांगू नका.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. 'मोडकळीस आलेली' असं मी आता लिहीत नाही. तुळईच्या टोकाला किती इंच कूज आहे हे लिहिते आणि पुढे लिहिते, की पन्हळ अमुक वर्षापासून फुटलेली असल्यामुळे, ती न बदलल्यामुळे. एका कार्यालयातल्या तरुण कर्मचाऱ्यानं असा अहवाल परत आणून दिला. त्याच्या अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. मी त्याला समासात लिहायला सांगितलं. त्यानं पेन्सिलीनं लिहिलं, मी त्याला शाईनं लिहायला लावलं.

या मे महिन्यात कसब्यातल्या एका वाड्यात गेले होते. तिथल्या आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात. मला पाहिल्याबरोबर म्हणाल्या, "काय गं, पाडायला सांगणार का तू?" मी म्हटलं, आधी वर जाऊन बघते. शिडी लावून पन्हळीपाशी गेले. पन्हळ काठोकाठ मातीनं भरली होती आणि तिच्यात पिंपळाची दोन रोपं होती. एक नुकतंच आलेलं, दोन पानांचं. ते मी बोटांनी उपटलं, मुळासकट आलं. दुसरं भिंतीच्या कोपऱ्यात, मनगटाएवढं जाड झालेलं. त्याला मी हात लावला नाही. ते काढण्याआधी खालच्या भिंतीला टेकू द्यावा लागेल. खाली आले, आजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि आम्ही दोघी टेकूसाठी बल्ल्या कुठून मिळतील ते बोलत बसलो. मृगाला तेव्हा अठरा दिवस होते.